लिलाव पुन्हा पुन्हा बोलीविना संपतोय? आधी हे तपासा, किंमत मग उतरवा

वस्तू चालू स्थितीत आहे, तिला घेणारेही आहेत, तरी ऑनलाइन लिलाव संपतो तेव्हा बोलीच्या रकान्यात शून्य. पुन्हा टाकली, पुन्हा शून्य. बहुतेक विक्रेते दुसऱ्या खेपेला सुरुवातीची बोली खाली आणतात आणि तिसऱ्या खेपेला आणखी खाली. दोष किमतीत नसेल तर याचा परिणाम एवढाच होतो, की वस्तू शेवटी जाते, पण पडेल भावात. किंमत बदलायला एक क्लिक लागतं, म्हणून तो उपाय सोपा वाटतो. प्रत्यक्षात चुकला तर सगळ्यात महाग पडणारा उपाय तोच. त्यामुळे खालच्या क्रमात तो बराच खाली आहे.

लक्षणं

“विकलं जात नाही” या एकाच तक्रारीची रूपं वेगवेगळी असतात. आपलं कोणतं हे ठरवायला विक्रेत्याच्या खात्यातले चार आकडे पुरतात: लिस्टिंग शोधात किती वेळा दिसली, किती जणांनी उघडली, किती जणांनी वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या यादीत, टाकली आणि बोली किती लागल्या.

- दोन-तीन दिवस झाले, पण उघडून पाहणारे चार-पाचच. वस्तू शोधात सापडत नाही. तपासणी १ आणि २.
- लोक उघडून पाहतात, पण वॉचलिस्टमध्ये कुणी टाकत नाही. फोटो, वर्णन किंवा पाठवणीचा खर्च आडवा येतोय. तपासणी ४, ५, ६.
- वॉचर भरपूर, बोली नाही. सुरुवातीची बोली किंवा राखीव किंमत (ज्याखाली वस्तू विकायची नाही असा, बोलीदारांना न दिसणारा आकडा). तपासणी ३ आणि ७. हे निदान लिलाव संपल्यावरच करा, कारण मुरलेले बोलीदार शेवटच्या मिनिटापर्यंत हात दाखवत नाहीत.
- बोली लागते पण एकच, आणि वस्तू सुरुवातीच्याच रकमेला जाते. ही विक्री दिसते, तरी दोष तोच आहे.
- बोली भराभर चढते, मग मागे घेतली जाते, किंवा जिंकणारा पैसेच देत नाही. हा निराळा आजार, त्याबद्दल शेवटाकडे.

एकच बोली हा दोष का?

ईबेसारख्या साइटवर बोलीदार आपली कमाल रक्कम गुप्तपणे भरतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा तीन जणांनी २०००, १४०० आणि ९०० अशा कमाल रकमा भरल्या आणि बोलीची पायरी, म्हणजे दर वेळची किमान वाढ, २५ ची आहे. वस्तू १४२५ ला जाईल. २००० द्यायला तयार असलेल्या माणसाने किंमत ठरवली नाही, ती ठरवली १४०० वाल्याने. आता तो १४०० वाला आणि ९०० वाला दोघंही लिस्टिंगपर्यंत पोचलेच नाहीत आणि सुरुवातीची बोली ३०० आहे असं धरा. तोच पहिला माणूस तीच वस्तू ३०० ला घेऊन जातो.

म्हणजे लिलावात भाव दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकावर ठरतो. खालची प्रत्येक तपासणी त्या दुसऱ्या माणसाला वाटेत कुठे अडवलं गेलं हे शोधण्यासाठी आहे. एका खेपेला एकच गोष्ट बदला. फोटो, शीर्षक आणि किंमत एकदम बदलली आणि वस्तू विकली गेली, तर कशामुळे ते कळत नाही आणि पुढच्या वस्तूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

१. आपलीच वस्तू गिऱ्हाईक म्हणून शोधा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. खात्यातून बाहेर पडून किंवा ब्राउझरच्या खाजगी खिडकीत शोधा. लॉगिन असताना साइट तुमच्या सवयीप्रमाणे निकाल दाखवते. लिस्टिंगची लिंक वापरू नका. ज्याला ही वस्तू हवी आहे तो काय टाइप करेल तेच टाइप करा.

न सापडण्याचं पहिलं कारण शुद्धलेखन. ब्रँडच्या नावात एक अक्षर चुकलं की नेमकं नाव टाइप करणाऱ्यांपैकी बरेच जण गळतात. यंत्रणा काही चुका स्वतः सांभाळून घेते, पण मॉडेल नंबरमधली चूक तिला ओळखता येत नाही. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल सगळ्यात जास्त होते. असल्या चुका शोधून स्वस्तात वस्तू उचलणारे खरेदीदार आहेत, आणि ते हटकून एकटेच बोली लावतात.

दुसरं कारण शीर्षकातली भरताड. ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात. “सुंदर”, “दुर्मिळ”, “नक्की बघा” हे शब्द कुणीही शोधत नाही. ते जागा खातात आणि वर संशय निर्माण करतात. क्रम असा ठेवा: ब्रँड, मॉडेल नंबर, वस्तू काय आहे, माप किंवा क्षमता, स्थिती. “जुनी सुंदर कॅमेरा लेन्स” या शीर्षकापेक्षा “निकॉन एफ माउंट ५० मिमी एफ/१.८ लेन्स, बुरशी नाही” हे शीर्षक कितीतरी जास्त शोधांत दिसेल. मॉडेल नंबर आठवणीतून लिहू नका. तो यंत्राच्या तळाच्या पट्टीवर, बॅटरीच्या कप्प्यात, लेन्सच्या पुढच्या कड्यावर किंवा घड्याळाच्या मागच्या झाकणावर असतो. विनाइल रेकॉर्डच्या बाबतीत लेबलालगतच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबर लिहा, कारण संग्राहक कोणती आवृत्ती ते त्यावरूनच ओळखतात.

चूक सापडली तर लगेच दुरुस्त करा. ईबेवर बोली लागल्यानंतर किंवा शेवटचे १२ तास उरल्यावर शीर्षक बदलता येत नाही, वर्णनात फक्त भर घालता येते.

२. सेटिंग्ज

हाही फुकटचा भाग, आणि कंटाळवाणा असल्यामुळे हमखास सुटणारा.

कॅटेगरी: यंत्रणेने सुचवलेली पहिली कॅटेगरी डोळे मिटून घेऊ नका. त्याच वस्तूच्या विकल्या गेलेल्या लिस्टिंग कुठे होत्या ते पाहा आणि तीच घ्या.

गुणधर्मांचे रकाने: आकार, रंग, साहित्य, क्षमता, सुसंगत मॉडेल. खरेदीदार फिल्टर लावतो तेव्हा रकाना रिकामा असलेली वस्तू यादीतून बाहेर पडते. वर्णनात “आकार ४२” असं दहा वेळा लिहिलं तरी फिल्टर वर्णन वाचत नाही.

पाठवणीचा प्रदेश: पूर्वीच्या एखाद्या जड वस्तूसाठी “फक्त स्वतः येऊन न्यावी” असं ठेवलेलं असतं आणि नवी लिस्टिंग त्याच साच्यातून बनते. खरेदीदारांवर घातलेले निर्बंधही पाहा. फार कडक असतील तर नवी खाती बोलीच लावू शकत नाहीत.

संपण्याची वेळ: लिलाव सुरू केलेल्या वेळेलाच संपतो. सात दिवसांचा लिलाव पहाटे तीनला टाकला तर पहाटे तीनलाच संपणार. शेवटच्या मिनिटांतल्या बोली हव्या असतील तर तुमचं गिऱ्हाईक जिथे राहतं तिथली सुट्टीची संध्याकाळ धरा आणि तिथून उलट मोजा. दहा दिवसांचा लिलाव गुरुवारी संध्याकाळी सुरू केला तर रविवारी संध्याकाळी संपतो आणि दोन शनिवार-रविवार पदरात पडतात. साइट स्वतःच्या मुख्यालयाची वेळ दाखवते का तेही बघून घ्या.

एकसारख्या चार वस्तू असतील तर त्या एकाच वेळी टाकू नका. चार बोलीदार चार लिलावांत विखुरतात आणि प्रत्येक वस्तू एकेकाला किमान रकमेत मिळते. एक संपला की दुसरा लावा. हरलेले बोलीदार तिथे येतात. एकाच प्रकारच्या पण वेगळ्या वस्तू असतील तर त्यांच्या संपण्याच्या वेळांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर पुरे.

३. वस्तू खरोखर कितीला जाते

विक्रेते मागत असलेली किंमत पाहून काहीही कळत नाही. न विकलेल्या वस्तू महिनोन्‌महिने त्याच आकड्याला पडून असतात आणि यादीत त्याच जास्त दिसतात. “विकलेल्या वस्तू” हा फिल्टर लावा. ईबेवर त्यात साधारण गेल्या ९० दिवसांतली विक्री मिळते. निदान पाच-सहा नोंदी काढा आणि प्रत्येकीबद्दल तीन गोष्टी टिपा: अंतिम किंमत पाठवणीखर्चासह, बोलीदार किती होते, आणि स्थिती आपल्या वस्तूच्या जवळची होती का. एखादीच नोंद बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर ती सोडून द्या. ती बहुधा पूर्ण संच, मूळ खोका किंवा दोन हट्टी बोलीदार यांचा परिणाम असते.

त्याच जोडीला न विकल्या गेलेल्या, संपलेल्या लिस्टिंगही मोजा. वीस टाकल्या गेल्या आणि तीनच विकल्या, तर मागणीच पातळ आहे. मग तुमच्या लिस्टिंगमध्ये फारसा दोष नाही. थेट तपासणी ९ कडे जा.

४. फोटो

ईबेला लांब बाजू किमान ५०० पिक्सेल लागते आणि झूम नीट चालावा म्हणून १६०० पिक्सेलची शिफारस आहे. आजचा कोणताही फोन एवढं देतो, त्यामुळे अडचण जवळपास नेहमी उजेडाची किंवा चौकटीची असते.

खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी, फ्लॅश बंद करून फोटो काढा. फ्लॅश धातूवर आणि काचेवर नेमका तिथे चमकतो जिथे खरेदीदाराला ओरखडा बघायचा असतो. पार्श्वभूमी साधी, एकरंगी. पहिल्या फोटोत वस्तूने चौकटीचा मोठा भाग व्यापला पाहिजे, कारण शोधाच्या यादीत तो फोटो फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. त्यानंतर मागची बाजू, तळ, नंबराची पट्टी, सोबत येणारं सगळं सामान एका चौकटीत, आणि दोष.

दोषाचा फोटो लपवल्याने बोली वाढते हा समज टिकून आहे. वापरलेल्या वस्तूत दोष असणार हे खरेदीदार धरूनच चालतो. तो दिसला नाही तर तो स्वतः कल्पना करतो, आणि कल्पनेतला तडा खऱ्या तड्याहून नेहमी मोठा असतो. दोषाशेजारी मोजपट्टी ठेवा. विजेवर चालणाऱ्या वस्तूचा चालू अवस्थेतला एक फोटो हवाच.

कंपनीच्या जाहिरातीतला फोटो वापरलेल्या वस्तूला लावला की जाणता बोलीदार लगेच पुढे सरकतो. वस्तू विक्रेत्याच्या हातात नाही, असाच त्याचा अर्थ तो घेतो.

५. वर्णन

इथे सर्वाधिक नुकसान करणारं वाक्य म्हणजे “तपासलेलं नाही, आहे तसं”. वाचणारा त्याचा अर्थ “बंद आहे” असाच घेतो आणि त्या हिशेबाने बोली लावतो किंवा लावत नाही. एक चार्जर, दोन बॅटऱ्या किंवा पाच मिनिटं खर्चून वस्तू चालू करून पाहता येत असेल तर ते करा. खरंच बंद असेल तर “बंद आहे, सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी” असं सरळ लिहा आणि स्थितीच्या रकान्यातही तेच निवडा. बंद वस्तूंचेही बोलीदार वेगळे असतात. १९९५ मध्ये ईबेवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जी ओळखली जाते तो बिघडलेला लेझर पॉइंटर होता, १४.८३ डॉलरला गेलेला, आणि घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे ठाऊक होतं.

“चांगली स्थिती” या शब्दांना काही किंमत नाही. काय तपासलं आणि काय दिसलं ते लिहा:

- कॅमेरा लेन्स: मागून टॉर्च लावून पाहिली का? जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सर्वत्र पांढुरकी झाक म्हणजे धुरकटपणा. ॲपर्चरच्या पाती तेलकट आहेत का, चटकन उघडझाप होते का?
- मनगटी घड्याळ: डायलचा घेर मिलिमीटरमध्ये, चावी सोडून, पट्ट्याची रुंदी, चोवीस तासांत किती मागे-पुढे होतं.
- कपडे: लेबलवरच्या आकारावर विसंबू नका. सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत, खांदा, उंची, बाही अशी मापं सेंटीमीटरमध्ये द्या. परत येणाऱ्या कपड्यांचं मोठं कारण हेच आहे.
- फोन, टॅबलेट: खात्याचं कुलूप काढलं का, मूळ स्थितीत आणला का, बॅटरीचं आरोग्य किती टक्के. कुलूप राहिलेला फोन विकला तरी परत येतोच.
- नाणी: वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये. आणि नाणं घासून चकचकीत करू नका. घासलेल्या नाण्याची किंमत कायमची उतरते; कोणत्याही फोटोने ती परत येत नाही.

वर्णन तीन-चार छोट्या परिच्छेदांत संपवा. “वेळ वाया घालवणाऱ्यांनी बोली लावू नये” असल्या ताकीद देणाऱ्या ओळी काढून टाका. भामटे त्या वाचत नाहीत आणि सज्जन वाचून निघून जातात.

६. पाठवणीचा खर्च

इथून पुढे थोडा खर्च आणि मेहनत लागते. साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजपट्टी हवी.

खर्च अंदाजाने लिहिणं दोन्ही बाजूंनी मारतं. जास्त लिहिला तर बोलीदार मनातल्या मनात तो बोलीतून वजा करतो किंवा निघून जातो. कमी लिहिला तर फरक तुमच्या खिशातून जातो. म्हणून लिलाव टाकण्याआधीच वस्तू पॅक करा, मग मोजा. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. आंतरराष्ट्रीय कुरिअरमध्ये नेहमीचं सूत्र लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. अडीच किलोची वस्तू ४० × ३० × ३० च्या खोक्यात घातली तर हिशेब होतो ७.२ किलोचा. तीच ३५ × २५ × २० मध्ये बसवली तर ३.५ किलो. नुसता खोका बदलल्याने आकारणी निम्म्याहून कमी वजनावर येते, आणि बोलीदाराच्या डोळ्यासमोरचा एकूण आकडा तितकाच हलका होतो.

खोका लहान करताना गादी मात्र कमी करू नका. नाजूक वस्तूला सगळ्या बाजूंनी सुमारे ५ सेंटीमीटर भरण हवं. काच आणि चिनी मातीच्या वस्तूंसाठी खोक्यात खोका. बंद केल्यावर हलवून पाहा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा.

बॅटऱ्यांबद्दल एक कडक नियम. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. उपकरणात बसवलेल्या बॅटरीचे नियम वेगळे आणि सैल आहेत. कुरिअरला न सांगता पार्सलात सुटी बॅटरी घालू नका. पार्सल अडकणं हा त्यातला सगळ्यात सौम्य परिणाम आहे.

७. सुरुवातीची बोली आणि राखीव किंमत

आता किंमत. आधी आपला तळ काढा, म्हणजे ज्याखाली विकण्यात तोटा आहे तो आकडा. साइटची फी बहुतेकदा पाठवणीखर्च धरून एकूण रकमेवर लागते, आणि हिशेबात नेमकं हेच सुटतं. समजा हातात १००० हवेत, पॅकिंगला ६०, पाठवणीला १५० आणि फी १३ टक्के. १००० + ६० + १५० = १२१०; भागिले ०.८७ = सुमारे १३९१; त्यातून खरेदीदार वेगळे देणार ते १५० वजा केले की तळ १२४१. फी फक्त वस्तूच्या किमतीवर धरली असती तर १२१८ आले असते. दर पार्सलामागे २३ चा फरक, आणि वर्षाच्या शेवटी “विक्री भरपूर, शिल्लक काही नाही” असं होतं ते अशाच फरकांमुळे.

तळ कळला की प्रश्न उरतो, सुरुवात तळापासून करायची की खालून? कमी सुरुवातीने जास्त लोक आत येतात, आत आलेले एकमेकांना चढवतात आणि किंमत वर जाते, हे खरं आहे. पण एका अटीवर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रँडचं नाव चुकीचं लिहिलेल्या लिस्टिंगही तपासल्या गेल्या. तिथे कमी सुरुवातीचा फायदा उलटला, कारण चढवायला माणसंच पोचली नव्हती. त्यामुळे तपासणी ३ मध्ये तशाच वस्तूला पाच-सहा वेगवेगळे बोलीदार दिसले असतील, तर बिनधास्त कमीपासून सुरू करा. एक-दोनच दिसले तर सुरुवात तळापासून करा. मधली रक्कम, म्हणजे बाजारभावाच्या नव्वद टक्क्यांवर सुरुवात करून लिलावाचा थरार अपेक्षिणं, हे सहसा कुठलंच काम करत नाही: लोक जमत नाहीत आणि घासाघीसही होत नाही.

गुप्त राखीव किंमत शक्यतो टाळा. पोकेमॉनच्या पत्त्यांच्या जोड्या घेऊन झालेल्या एका प्रयोगात निम्मे पत्ते उघड किमान बोलीने आणि निम्मे गुप्त राखीव किमतीने विकायला ठेवले होते. गुप्त राखीव किमतीच्या पत्त्यांना विक्रीची शक्यताही कमी मिळाली आणि किंमतही. कारण उघड आहे: “राखीव किंमत गाठलेली नाही” ही पाटी दिसली की बोलीदाराला आपण अंधारात चाचपडतोय असं वाटतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी वेगळी फी असते. संरक्षण हवं असेल तर तोच आकडा उघडपणे सुरुवातीची बोली म्हणून लावा.

आणि दुसरा बोलीदार येत नाही म्हणून तो स्वतः तयार करू नका. दुसऱ्या खात्यातून, भावाकडून किंवा मित्राकडून बोली चढवणं सगळ्या मोठ्या साइटवर निषिद्ध आहे आणि अनेक देशांत गुन्हा आहे. बोलीचा इतिहास यंत्रणेकडे राहतो. पकडलं गेलं की खातं जातं.

८. खात्याची पत

यावर झटपट इलाज नाही. जुन्या पोस्टकार्डांवर झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात, तीच पोस्टकार्डं पत असलेल्या खात्यातून विकली तेव्हा नव्या खात्यांच्या तुलनेत खरेदीदारांची पैसे मोजायची तयारी ८.१ टक्के जास्त निघाली. नव्या खात्यावरून महागडी वस्तू टाकली तर ती पडून राहणं किंवा फक्त भामट्यांना आकर्षित करणं स्वाभाविक आहे. आधी कमी किमतीच्या, पाठवायला सोप्या वस्तू विका, वेळेत पाठवा, ट्रॅकिंग नंबर भरा. प्रतिक्रिया विकत घेऊ नका.

९. लिलाव हीच पद्धत बरोबर आहे का?

विशिष्ट यंत्राचा सुटा भाग, एखाद्याच मॉडेलला बसणारं झाकण, अडनिड्या मापाचा बूट: अशा वस्तूचं गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं आणि दोघं एकाच आठवड्यात येण्याची शक्यता जवळजवळ नसते. तिथे ठरावीक किंमत लावा, “प्रस्ताव द्या” हा पर्याय चालू ठेवा आणि थांबा. लिलाव उपयोगी पडतो तो जिथे भाव आधी सांगता येत नाही आणि इच्छुक बरेच असतात तिथे: संग्रहाच्या वस्तू, बंद झालेली मॉडेल, एकत्रित गठ्ठे. दहा किरकोळ वस्तूंचा गठ्ठा सुट्या दहा लिलावांपेक्षा बऱ्याचदा लवकर जातो, पण त्यात एखादी मौल्यवान वस्तू चुकून लोटली जात नाही ना हे पाहून घ्या.

बोली लागली, पण पैसे आले नाहीत

बोलीचा इतिहास उघडा. एका खात्याने अचानक अवाच्या सवा रक्कम लावून बाकीच्यांना पळवलं आणि नंतर ती मागे घेतली, की त्याचाच साथीदार कमी रकमेत जिंकतो. ही जुनी युक्ती आहे. ईबेवर शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली फक्त लावल्यापासून तासाभरात मागे घेता येते, म्हणून हा प्रकार सहसा त्याआधी होतो. दिसला तर त्या खात्याच्या बोली रद्द करा, खातं अडवा आणि साइटला कळवा.

जिंकणारा गप्प असेल तर एकदा नम्र संदेश पाठवा आणि साइटने दिलेली मुदत संपू द्या. ईबेवर ती चार दिवसांची आहे. मग व्यवहार साइटवर “पैसे भरले नाहीत” या कारणाखालीच रद्द करा, म्हणजे फी परत मिळते आणि त्याच्या नावावर नोंद राहते. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या कमाल बोलीला वस्तू देऊ करता येते. पण पहिल्याने बोली कृत्रिमरीत्या चढवली असेल तर तो आकडाही फुगलेला असतो, आणि दुसऱ्याला ते कळतं.

पैसे आल्याचा ईमेल हा पुरावा नव्हे. खात्यात लॉगिन करून पाहा. “जास्त पैसे पाठवलेत, फरक परत करा”, “साइटबाहेर व्यवहार करू”, “पत्ता बदलला आहे, इथे पाठवा” यांपैकी काहीही आलं तर पार्सल हलवू नका. महाग वस्तू पाठवण्याआधी सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा; बदललेली वस्तू परत आली तर वादात तोच उपयोगी पडतो.

कुठे थांबायचं

वरच्या सगळ्या तपासण्या करून, दर खेपेला एकच बदल करून तीन लिलाव रिकामे गेले असतील तर चौथा लावू नका. वस्तू काही आठवडे काढून ठेवा. नेहमीचे खरेदीदार तीच वस्तू पुन्हा पुन्हा न विकलेली पाहतात आणि तिच्यात काहीतरी खोट आहे असं धरतात.

खाली दिलेल्या प्रसंगांत मात्र पहिल्या लिलावाआधीच जाणकाराकडे जा:

वस्तू चित्र, दागिना, हस्तलिखित, पुरातन नाणं किंवा नामांकित घड्याळ आहे आणि तिचा अस्सलपणा तुम्हाला स्वतःला सिद्ध करता येत नाही. मूल्यांकन करणारा तज्ज्ञ किंवा त्या विषयाचं लिलावगृह कमिशन घेईल, पण त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय गंभीर बोलीदार येणार नाहीत. स्वतः स्वच्छ करू नका, डाग काढू नका, निसटलेला भाग चिकटवू नका. ते काम संवर्धकाचं.

वस्तूत हस्तिदंत, कासवाचं कवच, प्रवाळ किंवा ब्राझिलियन रोझवूड असण्याची शंका आहे. जुनी गिटार, पियानोच्या पट्ट्या, मुठी, पेट्या यांत हे सापडतं. यांचा सीमापार व्यापार साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो आणि ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून त्याच्या सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. आधी आपल्या देशातल्या वन्यजीव परवाना कार्यालयाला विचारा. “जुनं आहे म्हणून चालतं” या समजावर पार्सल पाठवू नका.

विजेचं उपकरण उघडावं लागणार आहे आणि आत मोठे कपॅसिटर आहेत: फ्लॅशगन, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, मायक्रोवेव्ह. प्लग काढल्यावरही त्यांत धोकादायक भार राहतो. “चालू” असं लिहिता यावं म्हणून हे स्वतः उघडू नका. तंत्रज्ञाकडे द्या, नाहीतर बंद म्हणून विका.

विक्री नियमित होऊ लागली आहे, विकण्यासाठीच खरेदी करता आहात. कर आणि नोंदणीचे नियम इथे बदलतात. साइटकडून पत्र येण्याआधी कर सल्लागाराला दाखवा.

आणि पार्सल गेलं, आलेले पैसे परत काढून घेतले गेले किंवा खात्यात कुणी शिरलं असेल तर संदेशांवर संदेश पाठवत बसू नका. आधी बँकेला कळवा, मग साइटच्या अधिकृत मदत कक्षाला, मग पोलिसांच्या सायबर विभागाला, आणि साइटवरचे सगळे संदेश आहेत तसे जपून ठेवा.